कॅरोलिनांतील भातखाचरांचे कर्ते कोण ?

ज्या समाजाच्या हातीं लेखणी नव्हती त्याचा इतिहास कोणत्या साधनांनीं लिहावयाचा, हा प्रश्न संशोधकांपुढें वारंवार उभा राहतो. अस्सल कागदावांचून विधान करूं नये हा आपल्या शास्त्राचा पहिला दंडक. तो आम्हांस सर्वथा मान्य आहे. परंतु कागद कोणीं लिहिला, कोणत्या प्रयोजनानें लिहिला आणि लिहिण्याची मनाई कोणास होती, हें न विचारतां त्यावर भिस्त ठेविली म्हणजे कागदाचा धनी तोच कृतीचा धनी, असा भ्रम सहज उत्पन्न होतो. ह्या भ्रमाचें एक ठळक उदाहरण उत्तर अमेरिकेंतील दक्षिण कॅरोलिना प्रांतीं सांपडतें. तेथील कृष्णवर्णी लोकांचा तेथील पाण्याशीं, मातीशीं व पिकांशीं जो संबंध आला तो विद्यार्थ्यांस कसा शिकवावा, ह्याविषयीं सुमारें पन्नास वर्षें वाद चालला आहे. वाद मुख्यतः साधनचिकित्सेचा आहे आणि विषय भाताचा आहे. तेव्हां आमच्या वाचकांस तो परका वाटण्याचें कारण नाहीं.

प्रथम रूढ कथा सांगतों. इंग्रजांनीं चार्ल्सटाउन ही वसाहत १६७० त स्थापिली. वसाहतकऱ्यांपैकीं पुष्कळ जण बार्बाडोस बेटावरून आलेले ऊंसमळेवाले असून गुलाम बाळगण्याची रीत त्यांनीं तेथूनच आणिली. १६८५ च्या सुमारास मादागास्कराहून येणारें एक जहाज बंदरास लागलें. त्याचा कप्तान जॉन थर्बर ह्यानें डॉ. हेन्री वुडवर्ड ह्यास थोडें भाताचें बीं दिलें. तें पेरलें, वाढलें, वांटलें गेलें, आणि प्रांत श्रीमंत झाला. १७०० च्या सुमारास तांदूळ निर्यातीचा माल होऊन बसला होता, व पुढील दीडशें वर्षें तेथील जमीनदारांची सारी दौलत त्यावरच उभी राहिली. ही कथा पिढ्यान्‌पिढ्या पाठ्यपुस्तकांतून चालत आली. तिच्यांत एक कप्तान आहे, एक डॉक्टर आहे, एक मूठभर बीं आहे. चिखलांत उभा राहणारा माणूस मात्र एकहि नाहीं.

आपल्या बखरी वाचलेल्यांस अशा कथेची जात ओळखूं येईल. ती सर्वस्वीं खोटीच असते असें नाहीं. परंतु ज्या प्रश्नाचें उत्तर ती देते तो प्रश्नच अपुरा असतो. बीं कोणीं आणिलें, हा एक प्रश्न. तें पिकविण्याची विद्या कोणाची, हा दुसरा. श्रम कोणाचे, हा तिसरा. आणि भांडवल व हुकमत कोणाची, हा चौथा. पहिल्या व चौथ्या प्रश्नांचीं उत्तरें कागदांत मुबलक आहेत. तिसऱ्याचें उत्तर कोणींच नाकारीत नाहीं. खरी अडचण दुसऱ्याची आहे. इंग्लंडांत भात पिकत नाहीं, बार्बाडोसांत ऊंस. मग पाणी केव्हां घ्यावें, केव्हां सोडावें, रोप किती बुडवावें, दाणा न मोडतां तूस कसें काढावें, हें ज्ञान आलें कोठून ?

ह्या प्रश्नास हात घालणारा पहिला मोठा ग्रंथ पीटर वुड ह्यांचा. तो १९७४ त प्रसिद्ध झाला. वसाहतीची लोकसंख्या पाहूनच त्यांनीं आरंभ केला. १७०८ च्या सरकारी अहवालांत वसाहतीची एकंदर वस्ती ९,५८० दिली आहे. त्यांत गोरे ४,०८०, कृष्णवर्णी गुलाम ४,१०० व मूळ अमेरिकी जमातींतील गुलाम १,४०० अशी विभागणी आहे. म्हणजे भाताच्या उदयाबरोबरच कृष्णवर्णी लोकांचें संख्याधिक्य झालें. वुड ह्यांनीं असा तर्क मांडिला कीं, ह्या लोकांपैकीं कित्येक जण ज्या देशांतून धरून आणिले गेले तेथें भात पिकत होता. तेव्हां मालकांस अज्ञात असलेली विद्या त्यांच्याबरोबर आली असली पाहिजे. डॅनिएल लिटलफील्ड ह्यांनीं १९८१ त व जूडिथ कार्नी ह्यांनीं २००१ त हाच धागा पुढें नेला.

आतां पश्चिम आफ्रिकेकडे वळूं. सेनेगालपासून आयव्हरी कोस्टपर्यंतच्या पट्ट्यांत भात हें फार प्राचीन पीक आहे. आपण खातों तो तांदूळ आशिया खंडांतला; वनस्पतिशास्त्रज्ञ त्यास ओरायझा सातिव्हा म्हणतात. आफ्रिकेंतील लोकांनीं नायजर नदीच्या खोऱ्यांत एक निराळीच जात रानटी गवतापासून माणसाळविली. तिचें नांव ओरायझा ग्लाबेरिमा. पोर्तुगीज जहाजें ह्या किनाऱ्यास पंधराव्या शतकांत लागूं लागलीं, तेव्हांपासूनच्या वृत्तांतांत तेथील भातशेतांचे उल्लेख येतात. आंद्रे आल्व्हारिस द आल्मादा ह्यानें १५९४ त लिहिलेल्या गिनी प्रदेशाच्या वर्णनांत गांबिया नदीकांठीं बांध घालून भरतीच्या पाण्याचा शेतीस उपयोग करणारे लोक दाखविले आहेत. कॅरोलिना वसण्यापूर्वीं पाऊणशें वर्षांचा हा पुरावा आहे.

हस्तलिखितांच्या शोधकांस विशेष मोलाचें वाटेल असें दुसरें साधन म्हणजे सॅम्युएल गॅम्बल ह्याची वही. हा इंग्रज कप्तान माणसें विकत घेण्यासाठीं ‘सॅन्डाउन’ नांवाचें जहाज घेऊन १७९३-९४ त आजच्या गिनी देशांतील रिओ नुनेझ नदीच्या मुखाशीं राहिला होता. त्यानें तेथील बागा लोकांच्या भातशेतीचें वर्णन करून शेताचा नकाशाहि काढिला. भरतीचें खारें पाणी बाहेर ठेवणारा बांध, आंत गोडें पाणी सांठविण्याची सोय, सरी-वरंबे, लांब दांड्याचें लांकडी फावडें, व रोपांची लावणी, हें सारें त्यांत आहे. ही वही ग्रीनिच येथील राष्ट्रीय सागरी संग्रहालयांत सुरक्षित आहे. माणसांचा सौदा करणाऱ्यानेंच त्या माणसांच्या कसबाची साक्ष लिहून ठेवावी, ह्यांतील विपरीतपणा निराळा सांगावयास नको. साक्षीदार पक्षपाती असला तरी पक्षपात विरुद्ध बाजूचा असल्यामुळें साक्ष अधिकच बळकट होते. वही कॅरोलिनाच्या भातशेतीहून शंभर वर्षांनीं मागाहूनची आहे हें खरें. म्हणून ती एकटी पुरेशी नाहीं. आल्मादाच्या वृत्तांताशीं जोडून घेतली म्हणजे मात्र दोन शतकांची परंपरा सिद्ध होते.

आतां कॅरोलिनांतील शेती प्रत्यक्ष कशी होती तें पाहूं. आरंभीं दलदलींत पावसाच्या व झऱ्यांच्या पाण्यावर भात होई. अठराव्या शतकाच्या मध्यापासून भरतीच्या पाण्यावरील शेती वाढली. समुद्राची भरती नदींत शिरली म्हणजे नदीचें गोडें पाणी मागें रेटलें जाऊन वर चढतें. समुद्रापासून इतक्या अंतरावर कीं खारें पाणी पोंचूं नये, आणि इतक्या जवळ कीं चढउतार मिळावा, अशा पट्ट्यांतच हें शेत बसतें. तेथील सायप्रस वृक्षांचें जंगल तोडून, खोडें काढून, चोहोंबाजूंस मातीचे बांध घालावयाचे. बांधांत दारें बसवावयाचीं. भरतीला बाहेरचें दार उघडलें कीं गोडें पाणी आंत येई. ओहोटी लागतांच आंतील दार पाण्याच्याच दाबानें मिटे. पाणी काढून टाकावयाचें झाल्यास ह्याच्या उलट. पेरणीनंतर बीं रुजण्यासाठीं एक, कोंब दिसल्यावर दुसरी, तण मारण्यासाठीं दीर्घ मुदतीची तिसरी, व कणीस भरतांना ताटें उभीं राहावींत म्हणून चौथी, अशा पाण्याच्या पाळ्या असत. कोंकणांतील खाजणें, त्यांचे बांध व उघाडी, किंवा गोंव्यांतील मानशी ज्यांनीं पाहिल्या आहेत त्यांस ही रचना चटकन् समजेल. भेद एवढाच कीं आपल्याकडे भरतीचें पाणी बाहेर ठेवण्यासाठीं दार, तर तेथें तें आंत घेण्यासाठीं.

ह्या दारास तेथें ‘ट्रंक’ म्हणत. ट्रंक म्हणजे झाडाचें खोड. पुढील काळीं हें दार फळ्यांची पेटी व वर-खालीं सरकणारीं झांकणें ह्यांचें होऊं लागलें, तरी नांव खोडाचेंच राहिलें. कार्नी ह्यांचें म्हणणें असें कीं, मूळचें दार म्हणजे पोखरलेलें खोड व त्यास लांकडी बूच, आणि पश्चिम आफ्रिकेंत बांधांतून पाणी सोडण्याची तीच रीत होती. वस्तु बदलली तरी शब्दांत जुनी वस्तु टिकून राहते, हा न्याय आपल्याकडील शब्दसंशोधकांच्या परिचयाचा आहे. दारांची राखण करणारा एक अनुभवी गुलाम प्रत्येक मळ्यावर असे. चंद्राच्या कला, वारा, पाण्याची चव, हें सारें त्यास कळावें लागे. एका रात्रीची चूक सबंध पीक बुडवी.

पेरणींत टांचेनें खळी पाडून, बीं टाकून, पायानें माती लोटण्याची पद्धत होती. तूस काढण्यास लांकडी उखळ व मुसळ. पाखडण्यास वेटोळीं घालून विणलेलें रुंद, उथळ सूप. ह्या तीनहि गोष्टींस पश्चिम आफ्रिकेंत जोड सांपडते. इंग्लंडांत सांपडत नाहीं. आफ्रिकेंत कांडण हें बायकांचें, रोजच्या अन्नापुरतें, घरगुती काम होतें. कॅरोलिनांत तेंच काम पिपेंच्या पिपें भरण्यासाठीं स्त्री-पुरुष दोघांकडूनहि, दिवसभराच्या शेतकामानंतर, पहांटें व रात्रीं घेतलें जाई. विद्या तीच राहिली. तिचा धनी बदलतांच तिची शिक्षा झाली.

कामाचा मोजहि पहावा. एका माणसाचें दिवसाचें काम सामान्यतः पाव एकर ठरलेलें असे. पुरातत्त्वज्ञ लेलंड फर्ग्युसन ह्यांनीं कूपर नदीच्या पूर्व शाखेवरील साडेबारा मैलांच्या टापूंतील बांध मोजले. १८०० पर्यंत त्यांची लांबी ५५ मैलांहून अधिक व त्यांत घातलेली माती ६४ लक्ष घनफुटांहून अधिक भरली, असा त्यांचा हिशेब आहे. ही सर्व माती कुदळी, फावडीं व टोपल्यांनीं हलविली गेली. बांध आजहि उभे आहेत. आमच्या मतें तो त्या प्रांतांतला सर्वांत मोठा अस्सल दस्तऐवज होय.

मग कागदांत ह्या कर्त्यांची वाचा कां नाहीं ? उत्तर कायद्याच्या पुस्तकांत आहे. १७३९ त स्टोनो नदीकांठीं गुलामांनीं बंड केलें. तें मोडून १७४० त जो कायदा झाला त्यांत गुलामास लिहिण्यास शिकविणारास १०० पौंड दंड सांगितला आहे. पुढें १८३४ त वाचन शिकविण्यासहि बंदी आली. जेथें लेखणी हातीं देणें हाच गुन्हा, तेथें त्या हाताचा कागद मिळत नाहीं म्हणून त्या डोक्यांत विद्याहि नव्हती असें अनुमान काढणें, म्हणजे तोंड बांधून मग मुका ठरविण्यासारखें आहे.

तथापि मालकांचेच कागद नीट धुंडाळले तर ते बोलतात. चार्ल्सटनच्या एका वृत्तपत्रांत १७८५ त माणसांच्या विक्रीची जी जाहिरात आली तींत हे लोक भातलागवडीस सरावलेले आहेत, अशी मालाची तारीफ केलेली आहे. हेन्री लॉरेन्स हा तेथील मोठा व्यापारी. सिएरा लिओन नदींतील बन्स बेटावरील गुलामांच्या कोठीचा तो चार्ल्सटनांतील अडत्या होता. त्याचा पत्रव्यवहार १९६८ पासून २००३ पर्यंत सोळा खंडांत छापला गेला असून कोणत्या किनाऱ्याच्या माणसांस बाजारांत मागणी आहे ह्याची चर्चा त्यांत येते. मळ्यांच्या हिशेबवह्यांत माणसांच्या नांवांपुढें त्यांचीं कामें लिहिलेलीं असतात. किंमत लावण्यासाठीं लिहिलेली ती ओळ आज त्या माणसाच्या कसबाचा दाखला ठरते.

येथें प्रतिपक्षाचें म्हणणें सांगणें अवश्य आहे. डेव्हिड एल्टिस, फिलिप मॉर्गन व डेव्हिड रिचर्डसन ह्यांनीं २००७ त गुलामवाहू जहाजांच्या आंकड्यांवरून असा आक्षेप घेतला कीं, भातशेती रुजली त्या आरंभकाळीं आलेल्या लोकांत भात पिकविणाऱ्या किनाऱ्यावरील लोकांचें प्रमाण विशेष नव्हतें; जहाज कोठून यावें हें वारा, हंगाम व बाजार ह्यांवर अवलंबून असे, मळेवाल्यांच्या आवडीवर फारसें नव्हे; आणि इतका अवाढव्य व्यापार उभारण्यांत मळेवाल्यांच्या प्रयोगांचा व भांडवलाचा वांटा मोठा होता. शिवाय ‘कॅरोलिना गोल्ड’ हें जें प्रसिद्ध भात, तें आशियाई जातीचेंच आहे.

हे आक्षेप वजनदार आहेत. कोणी आफ्रिकाभिमानी लेखक सारी भातशेती जशीच्या तशी समुद्रापार आली असें म्हणेल तर तें आंकड्यांपुढें टिकणार नाहीं. परंतु आक्षेपांची मर्यादाहि पाहिली पाहिजे. बीं आशियाई असणें हें पहिल्या प्रश्नाचें उत्तर आहे, दुसऱ्याचें नव्हे. विद्या पसरण्यास बहुसंख्या लागत नाहीं. एका खेड्यांत चार जाणते असले तरी शेती उभी राहते. आणि भात पिकविणाऱ्या किनाऱ्यावरील लोकांचा भरणा अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत वाढला, तर नेमका तोच काळ भरतीच्या पाण्यावरील शेतीच्या प्रसाराचा आहे. आमचा निर्णय असा कीं, कॅरोलिनाचें खाचर ही मिश्र निर्मिति होय. तींत युरोपीय भांडवल, जुलूम व हिशेब आहे, आशियाई बीं आहे, आणि चिखल, पाणी व दाणा ह्यांचें हातांतलें ज्ञान बव्हंशीं आफ्रिकी आहे. ह्यांपैकीं पहिल्या दोहोंस नांव मिळालें. तिसऱ्यास मिळालें नाहीं.

मौखिक परंपरेविषयीं एक दाखला येथें देणें उचित होईल. दक्षिण अमेरिकेंतील सुरिनाम देशीं मळ्यांतून पळून जाऊन रानांत स्वतंत्र वस्त्या केलेले मरून लोक आहेत. त्यांच्या आज्या सांगत आल्या कीं, पूर्वज स्त्रियांनीं पळतांना केसांच्या वेण्यांत भाताचे दाणे लपवून नेले. कागदावर श्रद्धा ठेवणारांस ही दंतकथा वाटे. पण तेथील काळ्या तांदुळाची जनुकीय तपासणी होऊन २०१६ त निष्कर्ष प्रसिद्ध झाला कीं, तो ओरायझा ग्लाबेरिमा असून त्याचें जवळचें नातें आयव्हरी कोस्टच्या पश्चिम भागांतील भाताशीं आहे. दाणे वेणींतूनच गेले हें तपासणीनें सिद्ध होत नाहीं. परंतु आफ्रिकी बीं टिकवून धरल्याची आठवण निराधार नव्हती हें सिद्ध होतें. त्याचप्रमाणें कॅरोलिना व जॉर्जियाच्या किनाऱ्यावरील गल्ला लोकांची बोली पूर्वीं बिघडलेली इंग्रजी समजली जाई. लोरेन्झो डाउ टर्नर ह्या कृष्णवर्णी भाषाशास्त्रज्ञानें वर्षानुवर्षें ती ऐकून, टिपून, १९४९ च्या ग्रंथांत तिच्यांतील हजारों आफ्रिकी शब्द व व्यक्तिनामें दाखवून दिलीं.

मात्र हा संबंध शिकवितांना त्यास निसर्गप्रेमाचें गोड रूप देऊं नये, असें आम्हांस निक्षून सांगावयाचें आहे. तीं खाचरें हिंवतापाचीं माहेरघरें होतीं. उन्हाळा लागतांच मालक सहकुटुंब शहरास किंवा टेंकड्यांकडे जात. गुलाम कमरेइतक्या पाण्यांत राहत, आणि त्यांचीं मुलें मोठ्या संख्येनें मरत. पाण्याची जाण हीच त्यांच्या बेडीचें कारण झाली. पण तीच जाण बेडी तोडण्यासहि उपयोगी पडली. यादवी युद्धांत २ जून १८६३ रोजीं कॉम्बाही नदींतून उत्तरेकडील सैन्याच्या नौका वर गेल्या; हॅरिएट टबमन ही त्यांची मार्गदर्शक होती, आणि नदींत पेरलेल्या सुरुंगांच्या जागा तेथील गुलामांनींच कळविल्या होत्या. त्या एका चढाईंत सातशेंहून अधिक माणसें मुक्त झालीं. एडा फील्ड्स-ब्लॅक ह्यांनीं ह्या चढाईवर २०२४ त जो ग्रंथ लिहिला त्यास २०२५ चें पुलित्झर पारितोषिक मिळालें. मुक्त झालेल्यांचीं नांवें त्यांनीं सैनिकांच्या निवृत्तिवेतनाच्या कागदांतून हुडकून काढिलीं. कारण त्या अर्जांसाठीं पूर्वींच्या गुलामांस स्वतःची हकीकत सांगावी लागे, व कारकून ती लिहून घेई. लेखणी हातीं नसलेल्यांची वाणी कोणत्या दप्तरांत सांपडेल, ह्याचा हा उत्तम धडा आहे.

शिक्षणाकडे पाहतां, सेंट हेलेना बेटावर १८६२ त स्थापन झालेली पेन शाळा ही मुक्त लोकांच्या आद्य शाळांपैकीं एक. तिच्यांत पुढें शेतकी शिकविली जाऊं लागली व बेटावरील वेटोळ्या टोपल्यांचें विणकामहि अभ्यासक्रमांत घेतलें गेलें. म्हणजे जें घरीं होतें त्यास शाळेंत मान मिळाला. कार्टर वुडसन ह्या गुलाम आईबापांच्या पुत्रानें १९१५ त कृष्णवर्णीयांच्या इतिहाससंशोधनाचें मंडळ काढिलें, १९१६ त त्याचें त्रैमासिक सुरू केलें, आणि १९२६ पासून शाळांतून त्या इतिहासाचा सप्ताह पाळण्याची प्रथा पाडिली. पुण्यास १९१० त भारत इतिहास संशोधक मंडळ निघालें त्यानंतर अवघ्या पांच वर्षांची ही गोष्ट. दोन्ही ठिकाणीं प्रेरणा एकच दिसते : आपला इतिहास दुसऱ्याच्या दप्तरांतून दुसऱ्यानें सांगावा ह्यांत समाधान नाहीं.

युद्धानंतर मुक्त माणसें जुन्या अटींवर चिखलांत उतरेनात. लुईझियाना व आर्कान्साकडे यंत्रावरील भातशेती वाढली. १९११ च्या वादळानें उरलेसुरले बांध फोडिले. आणि कॅरोलिनाचा तांदूळ बाजारांतून गेला. सूप व टोपली मात्र राहिली. २००६ त ती त्या राज्याची अधिकृत हस्तकला ठरली, व त्याच सालीं गल्ला लोकांच्या किनारपट्टीस राष्ट्रीय वारशाचा दर्जा मिळाला. परंतु टोपलीस लागणारें सुवासिक गवत जेथें उगवे तो समुद्रकांठ धनिकांच्या वसाहतींनीं व्यापला असून गवत कापावयास जाणाऱ्या बायांस वाट उरलेली नाहीं. वारसा जाहीर झाला, गवत कुंपणाआंत गेलें. शिकविणाऱ्यानें विद्यार्थ्यांस टोपली दाखवावी, आणि हें कुंपणहि दाखवावें.

जोतीराव फुले ह्यांनीं १८७३ त आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांस अर्पण केला, तेव्हांपासून हा प्रश्न मराठी वाचकाच्या दारांत येऊन उभाच आहे. आमच्या संग्राहक बंधूंस एवढीच विनंति कीं, खारजमिनीचे, पाटबंधाऱ्यांचे किंवा बागाइतीचे कागद हातीं आले म्हणजे सनदेची व शिक्क्याची नक्कल करून थांबूं नये. बांधदुरुस्तीच्या याद्या, मजुरीचे हिशेब, अवजारांचीं व पाण्याच्या पाळ्यांचीं स्थानिक नांवें, हीं फुटकळ म्हणून बाजूस टाकिलेलीं टिपणेंहि उतरून घ्यावींत, आणि ज्या बांधाविषयीं तो कागद आहे त्या बांधावर एकदां उभें राहून यावें. सनद कोणाच्या नांवची हें कागद सांगेल. बांध कोणाचा हें बहुधा त्या याद्यांतच सांपडेल.